कोऱ्या पाण्याची बाटली

“न गाळलेलं पाणी मी कुणाला देत न्हाई,” पद्माक्का म्हणाल्या आणि माझ्या पोहऱ्यासमोर त्यांनी पांढरंशुभ्र फडकं ताणून धरलं.

“अहो आक्का, गाळलं की मी जे शोधायला आलेय ते उडून जाईल.”

“उडून जाणारं असंल तर बरंच की. जाऊ दे उडून.”

विहिरीच्या काठावर उभे असलेले मुजावर मामा तोंड फिरवून हसले. मामा आमच्या प्रयोगशाळेच्या जीपचे ड्रायव्हर. नमुने आणायच्या कामात वीस वर्षं मुरलेले. मी तेव्हा तेवीस वर्षांची, एम. एस्सी. होऊन चिपळूणहून सांगलीला आलेली आणि नोकरीला लागून तीन महिने झालेली. पुस्तकात कोऱ्या काचेच्या कुपीत नमुना कसा घ्यायचा याची सतरा पावलं दिली होती. मालकीणबाई फडकं घेऊन आडव्या आल्या तर काय करायचं, हे त्या सतरांत नव्हतं.

“आक्का, हे पाणी कुणी पिणार नाहीये,” मी म्हटलं. “मशीनला द्यायचंय.”

त्यांनी फडकं खाली घेतलं. “मशीनला व्हय? मग मशीनचं पाप मशीनला. ने.”

मिरजेपुढे वीस-बावीस किलोमीटरवर हिंगणवाडी. तिथे पद्माक्का बिरनाळे यांचा गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक गॅसचं यंत्र, बाटल्या धुणाऱ्या चार बायका आणि शेजारी ही विहीर. नवरा गेल्यावर नऊ वर्षं त्यांनी तो एकटीनं चालवला होता. आणि त्या उन्हाळ्यात सोड्याला वास यायला लागला. रोज नाही, सगळ्या बाटल्यांना नाही, पण यायचा. कुणी म्हणालं स्पिरिटसारखा, कुणी म्हणालं रंगाऱ्याच्या टर्पेंटाइनसारखा. तक्रार वर गेली, निरीक्षक येऊन नोटीस देऊन गेले: शुक्रवारपर्यंत विहिरीच्या पाण्याचा अहवाल द्या, नाहीतर शनिवारी कारखान्याला सील.

संशय कुणावर, ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. शेडपासून दोनशे पावलांवर उताराला पेट्रोल पंप होता. पेट्रोल नीट जळावं म्हणून त्यात एमटीबीई नावाचा एक पदार्थ मिसळतात. जमिनीखालची टाकी गळली तर पेट्रोलातले बाकीचे घटक मातीला धरून राहतात, हा मात्र पाण्यात विरघळून पुढे पळतो. त्याला वास असतो तो नेमका टर्पेंटाइनसारखा. आम्ही तो शोधायला आलो होतो. अडचण एवढीच, की पंप पद्माक्कांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा होता.

मी कुपी काठोकाठ भरली, झाकण लावलं, उलटी करून टिचकी मारली. आत हवेचा बुडबुडा नाही. चार कुप्या झाल्या. तोवर पद्माक्कांनी आमच्या पिण्यासाठी कळशीभर पाणी गाळून घेतलं होतं. फडक्यावर जे काही राहिलं होतं, ते त्यांनी अलगद उलटं करून विहिरीतच सोडलं.

“परत कशाला टाकता?” मी विचारलं.

“त्यात जीव असत्यात. ज्या पाण्यातले त्या पाण्यात गेले पायजेत. दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकलं तर तुला चाललं का?”

मी नाही म्हटलं.

एवढ्यात पंपाकडून त्यांचे भाऊ जिनाप्पा आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं.

“आक्का, झालं का तपासून? बाई, मी आधीच सांगतो, माझी टाकी दोन वर्षांखाली नवी बसवलीय. थेंब गळत न्हाई.”

“आणि जुनी?” मी विचारलं.

“जुनी जुनी होती,” जिनाप्पा म्हणाले. “आनि हे बघा, माझ्या पंपावरची सात पोरं रोज माझ्याच बोअरचं पानी पित्यात. एकाला तरी सर्दी झालीय?”

“मी चाकांत हवा बघून येतो,” मामा म्हणाले आणि जीप घेऊन पंपाकडे गेले. अशा दौऱ्यावर डिझेल भरायचं नाही, नमुन्यांना इंधनाचा हात लावायचा नाही, हा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख चौगुले मॅडमचा नियम होता आणि मामा तो काटेकोर पाळत. हवेला बंदी नव्हती.

बुधवारी नमुने यंत्रावर लावले. आमचं यंत्र पाण्यातले पदार्थ एकेक वेगळे करून कागदावर डोंगर काढायचं. प्रत्येक पदार्थाचा डोंगर ठरलेल्या मिनिटाला. एमटीबीईचा सहाव्या मिनिटानंतर. विहिरीची पहिली कुपी लावली. सहावं मिनिट आलं, गेलं. कागद सपाट. दुसरी कुपी, सपाट. मी खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली. विहीर स्वच्छ होती.

मग लावला कोऱ्या पाण्याचा नमुना. ही आमची पद्धत. प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरून दौऱ्यावर न्यायचं आणि न उघडता परत आणायचं. वाटेत नमुन्यांना बाहेरून काही लागलं असेल तर या पाण्यातही ते दिसतं. ही पद्धत नवी होती, चारच दौरे झाले होते आणि चौथा हा.

सहाव्या मिनिटाला पेन उठलं ते थेट कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकलं. लिटरला एकशे नव्वद मायक्रोग्रॅम. परदेशात वास-चवीसाठी वीस ते चाळीसची मर्यादा धरतात.

मी कागद घेऊन चौगुले मॅडमकडे गेले. मॅडम बुटक्या, गोल चष्म्याच्या. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपण नापास झालोय असंच वाटायचं.

“कोरं पाणी खराब म्हणजे दौरा रद्द,” त्या म्हणाल्या. “फेकून द्या सगळं. सोमवारी परत नमुने.”

“मॅडम, शनिवारी कारखान्याला सील लागेल.”

“म्हणून मी खोट्या दौऱ्यावर सही करू?”

“नाही. पण मॅडम, सगळ्या बाटल्या एकाच खोक्यात होत्या. बाहेरून काही लागलं असतं तर विहिरीच्या कुप्यांनाही लागलं असतं. त्या सपाट आहेत. फक्त कोऱ्या पाण्यातच कसं आलं?”

मॅडमनी चष्मा काढला. ते चांगलं लक्षण असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

“मग कशानं आलं?”

“माहीत नाही.”

“माहीत करून घ्या. संध्याकाळी पाचपर्यंत.”

मी बाटली घेऊन बसले. झाकण उघडून हातानं वारा घेतला. वास होता, हलका, रंगाच्या दुकानाशेजारून जाताना येतो तसा. मग एक फार साधी गोष्ट सुचली, ती आधी का सुचली नाही याची मला अजून लाज वाटते. पाण्यात किती क्षार आहेत ते सांगणारी एक छोटी कांडी असते, पहिल्या वर्षाची पोरंही वापरतात. शुद्ध पाण्यात तिचा आकडा दोनच्या आत यायला हवा. मी ती बाटलीत बुडवली.

चौदाशे साठ.

हे आमचं पाणीच नव्हतं. हे जमिनीतलं पाणी होतं, चांगलं जड. मी धावत जाऊन विहिरीच्या नमुन्यात कांडी घातली. आठशे वीस. म्हणजे विहिरीचंही नाही. आमची बाटली कुठल्या तरी तिसऱ्याच पाण्यानं भरून घरी आली होती.

मुजावर मामा मागच्या अंगणात जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते.

“मामा, निळ्या झाकणाची बाटली मंगळवारी कुणी उघडली?”

“कुठली?”

“अर्ध्या लिटरची. कोऱ्या पाण्याची.”

मामांनी डोकं बाहेर काढलं, फडक्याला हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले.

“खातू मॅडम, खरं सांगू? ती बाटली भरलेली जाते, भरलेलीच येते. कुणी पीत नाही, कुणी उघडून बघत नाही. मला वाटलं असते तशीच, नवरदेवाच्या हातातल्या नारळासारखी.”

“मग?”

“जीपच्या बॅटरीतलं पाणी आटलं होतं.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बॅटरीत शुद्ध पाणी घालावं लागतं, साधं चालत नाही. आणि मामांच्या शेजारच्या सीटवर, खोक्यात, जिल्ह्यातलं सगळ्यात शुद्ध पाणी बसलेलं होतं.

“अर्धा लिटर अख्खं?”

“थोडं आधीच्या दौऱ्यांतही घातलेलं. ह्या वेळी बॅटरी लईच तहानलेली.” मामा अगदी हळू बोलत होते. “पण रिकामी आणली नाही हां. रिकामी आणली तर बाईसाहेब विचारणार. म्हणून भरून आणली, काठोकाठ, बुडबुडा नाही. तुम्ही करता तशी टिचकी पण मारली.”

“कुठे भरली मामा?”

“जिनाप्पांच्या पंपावर. भिंतीला नळ आहे ना, पोरं पितात तो. मी पण प्यायलो, थंडगार.”

“वास नाही आला?”

“आला की. पण पेट्रोल पंपावर पेट्रोलचा नाही तर काय अत्तराचा वास येणार?”

मी बॉनेटला टेकले. मामांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी मला बसायला स्टेपनी काढून दिली.

मॅडमसमोर मी एकटी जाणार होते, पण मामाच म्हणाले, “चूक माझी, शिव्या पण माझ्या,” आणि पुढे चालू लागले. त्यांनी सगळं सांगितलं, नारळासकट. मॅडम ऐकत राहिल्या.

“मुजावर, वीस वर्षांत तुम्ही नोंद नसलेला एकच नमुना आणलात,” त्या म्हणाल्या, “आणि कामाचा तोच निघाला.”

“मग मी राहतो ना, बाईसाहेब?”

“राहता. बॅटरीच्या पाण्याचा वेगळा कॅन आजच विकत आणा. आणि त्या निळ्या बाटलीला यापुढे हात लावलात तर तुमचीच तपासणी करीन.” मग माझ्याकडे वळून, “आणि तुम्ही. हा आकडा अहवालात जाणार नाही. मालकाची सही नाही, नमुना रीतसर नाही. कायद्याच्या भाषेत हे पाणी आपण पाहिलेलंच नाही. उद्या पुन्हा जा. विहीरही घ्या, बोअरही घ्या. आणि बोअरचं पाणी सोड्यात कसं पोचतं ते शोधा. नुसतं ‘विहीर स्वच्छ’ लिहून निरीक्षकाचं समाधान होणार नाही. वास त्यानं स्वतः घेतलाय.”

गुरुवारी सकाळी अकराला आम्ही पुन्हा हिंगणवाडीत. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र बंद, पंखा बंद. तेव्हा लोडशेडिंग होतं, दहाला वीज जायची ती चारला यायची. तरी आत बायका बाटल्या धूत होत्या आणि नळाला पाणी होतं.

विहिरीचे नमुने परत घेतले. मग मी सहज तारेकडे पाहिलं. वाळत घातलेली दोन फडकी. एकाला हिरवी किनार, दुसऱ्याला लाल.

“आक्का, गाळायची दोन फडकी कशाला?”

“एक माज्या विहिरीचं. एक जिनाप्पाच्या पाण्याचं.” त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मला पुन्हा विचारावं लागलं.

“जिनाप्पांचं कुठलं पाणी?”

“अगं, लाइट न्हाई तवा माजी मोटर कशी चालंल? त्याच्याकडं जनरेटर हाय. पायप टाकलाय त्यानं इथवर. त्याचं दाजी गेल्यापास्नं दर उन्हाळ्यात दुपारचं पानी भाऊच देतोय. बाटल्या धुऊन उरलं तर संध्याकाळच्या सोड्याला बी तेच. त्याचं फडकं येगळं ठेवते, फडक्यावर ऱ्हायलेलं त्याच्याच हौदात जाऊन सोडते. एकाचे जीव दुसऱ्यात कसं टाकू?”

“हे तुम्ही निरीक्षकांना सांगितलं नाही?”

“त्यांनी विहिरीचं इचारलं. भावाच्या पान्याचं काय सांगायचं? घरचंच की ते.”

मी लाल किनारीचं, अजून ओलं असलेलं फडकं तारेवरून उतरवून नाकाशी धरलं. मग त्यांच्यापुढे केलं. त्यांनी वास घेतला. हिरव्याचा घेतला. पुन्हा लालचा.

पद्माक्का बाटल्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसल्या. कारखाना वाचत होता, विहीर निर्दोष होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला त्यातलं काहीच दिसेना.

“त्याला कळलं तर मोडून पडंल,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्सं, पोरी. एक दुपार चुकवली न्हाई त्यानं.”

“आक्का, बोअरचा नमुना घ्यायला त्यांची सही लागेल. सही नाही तर अहवालात वासाचं कारण लिहिता येणार नाही. आणि कारण नाही तर...”

“सील.” त्या उठल्या. पदर खोचला. “चल. तू बोलू नगंस. तुला इचारलं तरच बोल.”

जिनाप्पा पंपाच्या केबिनमध्ये होते. पद्माक्कांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत आणि जास्त बरोबर. जिनाप्पांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

“आक्का, तुझी विहीर साफ निघाली, झालं की. मी आजपास्नं पायप बंद करतो. मला कशाला मधी घेतीस?”

“मी कुठं घेते? मधी तर तूच हाईस.”

“कंपनीची मानसं येतील. लायसन बघतील. गावात काय तोंड दाखवू? बहिणीला इतकी वर्सं हेच पाजलं म्हनून?”

“गावाचं मी बघते. गावाला सोडा माझा लागतो.”

“तसं बी आजवर कुनाला...”

“सर्दी झाली न्हाई,” पद्माक्का म्हणाल्या. “व्हय, ऐकलं परवा. सर्दीचं इचारलंय का कुनी तुला? त्या नळाला तोंड लावून सात पोरं पित्यात. त्यांच्या आया मला आक्का म्हनत्यात. त्यांनी इचारलं, तुमास्नी कधी कळलं, तर मी कुठला वार सांगू?”

बाहेर एक मोटारसायकल आली, पेट्रोल भरून गेली. मग जिनाप्पा माझ्याकडे वळले.

“बाई, ह्यानं होतं तरी काय मानसाला?”

मला विचारलं होतं, म्हणून बोलले. “नक्की काय होतं ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. पिऊ नये, एवढं माहीत आहे. आणि बहुतेक हे जुन्या टाकीचं आहे, मुरत मुरत आता बोअरला पोचलेलं. ती तुम्ही आधीच काढलीय. पण बहुतेक म्हणजे नक्की नाही, ते बघणारे वेगळे लोक.”

“बहुतेक म्हंजे नक्की न्हाई,” जिनाप्पांनी वाक्य तोलून पाहिल्यासारखं म्हटलं. “मग पोरं पेनार काय? उन्हात बारा तास उभी असत्यात.”

“माझ्या विहिरीचं,” पद्माक्का म्हणाल्या.

“आनि लाइट गेल्यावर तुझी मोटर कोन फिरवनार? तू?”

“तुजं जनरेटर. पायप वढलास तशी तार वढ. आनि पायप हाय तोच ऱ्हाऊ दे, नुसता फिरीव. आमची विहीर वरच्या अंगाला, पानी आपसूक खाली येतंय. नऊ वर्सं उगंच चढाला पानी चढवत बसलास.”

मुजावर मामा दारात उभे होते, ते फस्सकन हसले. जिनाप्पांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं, मग स्वतःही हसले. हसता हसता डोळे पुसले आणि खिशातल्या तिन्ही पेनांतलं एक काढलं.

“आना ते कागद.”

मी फॉर्म पुढे केला. नाव, गाव, पाण्याचा स्रोत, बोअरची खोली. सगळं त्यांनी ठळक अक्षरात, एकेक रकाना वाचून भरलं. मग बाहेर जाऊन नळ स्वतः सोडला, पाणी दहा मिनिटं वाहू दिलं, आणि मी कुप्या भरत असताना शेजारी उभं राहून प्रत्येक कुपीत बुडबुडा नाही ना ते वाकून पाहिलं. कोऱ्या पाण्याची बाटली मी स्वतःच्या मांडीवर घेऊन परत आले. मामांनी वाटेत एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी निकाल हातात आला. विहीर सपाट, कोरं पाणी सपाट, बोअर दोनशे चार. मॅडम अहवाल तपासायला बसल्या. त्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत. निरीक्षकाचा माणूस बाहेर बाकावर ताटकळत होता.

बोअरच्या फॉर्मवर त्यांचं बोट एका जागी थांबलं.

“हे तुम्ही पाहिलंत?”

मी नव्हतं पाहिलं. सही घेण्याच्या घाईत खालचा रकाना वाचायचा राहिला होता. ‘तपासणीचे कारण’ असा तो रकाना. तिथे छापील पर्याय असतात: तक्रार, नियमित तपासणी, इतर. जिनाप्पांनी ‘इतर’वर खूण केली होती आणि पुढच्या रेघेवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: बहिणीने सांगितले.

“खोडून नीट लिहून घेऊ का मॅडम?” मी विचारलं. “आताच फोन लावते.”

मॅडमनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला, पुन्हा एकदा वाचला, शाईच्या पॅडचं झाकण उघडलं आणि त्यावर प्रयोगशाळेचा शिक्का मारला.

“कशाला?” त्या म्हणाल्या. “रकाना बरोबर भरलाय.”